बॉम्बर विमानात मारल्या गेलेल्या सैनिकाची माहिती कशी काढायची? (नेदरलँड्समधली कबर)

झुइडरझे

नमस्कार मंडळी,

नेदरलँड्समध्ये आयसलमेअर तळ्याच्या काठी आमचं गाव आहे. इथल्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या सात कबरी आहेत. चार दगडांवर नावं आहेत. उरलेल्या तिघांवर नुसतं ‘१९३९-१९४५ च्या युद्धातला एक हवाई सैनिक’ आणि तळाशी ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाची ओळ.

यंदा शाळेने एकेका वर्गाकडे एकेक कबर सोपवली आहे. ४ मेला संध्याकाळी आठ वाजता देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळतात, त्याआधी मुलांनी त्या माणसाबद्दल थोडं बोलायचं आहे. मुलीच्या वर्गाच्या वाट्याला आलेला सार्जंट आहे, एअर गनर (विमानातली मशीनगन चालवणारा), वय २०, मार्च १९४३ अखेरची तारीख. दगडावर सात आकडी सेवा क्रमांक आहे. नाव मुद्दाम देत नाही, घरचं कोणी हयात असू शकतं.

तर प्रश्न असे: सुरुवात कुठून करायची? तो कोणत्या विमानात होता हे कसं कळेल? ते तीन बेनाम दगड त्याच्याच सोबत्यांचे असतील का? आणि दगडावर शेवाळ चढलंय, ते आम्ही काढलं तर चालेल का?

कागदकिडा

पहिली गोष्ट, माणूस शोधू नका, विमान शोधा. ब्रिटिश हवाई दलातल्या साध्या सार्जंटची वैयक्तिक सेवापत्रिका हाती यायला वेळ लागतो. त्या नोंदी ब्रिटनचं संरक्षण खातं २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवत आहे. विमानाची नोंद मात्र त्याच आठवड्यात टंकलिखित झालेली असते आणि ती केव्हाच खुली झाली आहे. विमान सापडलं की सातही माणसं सापडतात, आणि तुमच्या सार्जंटबद्दलचा निम्मा मजकूर बाकी सहा जणांच्या फायलींत निघतो.

सेवा क्रमांक हाताशी आहे हे उत्तम. सात आकडे म्हणजे ब्रिटिश हवाई दल किंवा त्याची स्वयंसेवक राखीव शाखा, अधिकारी दर्जाखालचा. आकड्याआधी ‘आर’ असता तर कॅनडाचा, ‘जे’ असता तर कॅनडाचाच पण अधिकारी. सहा आकडी आणि चाराने सुरू होणारा बहुधा ऑस्ट्रेलियाचा.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (या युद्धकबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) शोधपानावर फक्त क्रमांक टाका, नाव नको. नावाचं स्पेलिंग दगडावर एक आणि यादीत दुसरं असं होतं, क्रमांक सहसा दगा देत नाही. त्याचं पान उघडलं की तळापर्यंत जा. तिथे मूळ कागदांच्या स्कॅन प्रती असतात: कबर नोंदणीचा तक्ता, दगडाच्या मजकुराचा तक्ता, आणि शव दुसरीकडून हलवलं असेल तर स्थलांतराचा अहवाल. आईवडिलांची नावं किंवा वय नसेल तर त्याचा अर्थ ‘अनाथ’ असा काढू नका. कमिशनने घरी पाठवलेला पडताळणीचा फॉर्म भरून परत आला नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मग त्याच तारखेची, त्याच दफनभूमीतली सगळी नावं उतरवा. नंतर आजूबाजूच्या गावांतली. शेवटी इंग्लंडातल्या रनीमीड स्मारकावरची. ज्यांना ज्ञात कबर नाही अशा २० हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत, आणि एकाच विमानातली माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरणं अगदी नेहमीचं आहे.

एक पक्कं उदाहरण देतो. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. त्यातलं बायर्सचं विमान, क्रमांक ईडी ९३४, झोर्प धरणाकडे जाताना डच किनारा ओलांडतानाच विमानवेधी तोफांच्या माऱ्यात सापडून वाडनझेमध्ये पडलं. सात जण. त्यातल्या एकट्या मागच्या गनरचा, कॅनडाच्या मॅकडॉवेलचा, मृतदेह महिनाभराने पाण्यात सापडला आणि हार्लिंगेनला पुरला गेला. बाकी सहा जणांची नावं रनीमीडला. हार्लिंगेनचा दगड बघून कोणी म्हणेल की एकटाच माणूस होता; आणि रनीमीडलासुद्धा हे सहा जण शेजारी शेजारी नाहीत, कारण तिथली मांडणी वर्ष, हवाई दल आणि हुद्दा यांनुसार आहे. कॅनडाचा वैमानिक एका फलकावर, ब्रिटिश सार्जंट दुसऱ्या.

विमानाचा क्रमांक मिळवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचा मृतांचा संग्रह. फुकट आहे. तिथे स्क्वाड्रन, तळ, लक्ष्य, विमानाचा क्रमांक आणि सोबतचे कर्मचारी दिसतात. दोन अक्षरं आणि तीन आकडे (ईडी ९३४ सारखा) किंवा एक अक्षर आणि चार आकडे असा जो क्रमांक असतो, तोच धरून चाला. विमानाच्या अंगावर रंगवलेली अक्षरं (त्याची होती एजे-के) फसवतात, कारण विमान गेलं की तेच अक्षर बदली विमानाला देत.

स्क्वाड्रन कळलं की क्यूच्या ‘एअर २७’ या मालिकेत त्याची दैनंदिनी मागवा. ६१७ ची एअर २७/२१२८ मध्ये आहे, तशी प्रत्येकाची. त्यात दोन प्रकारचे कागद असतात. फॉर्म ५४० म्हणजे तळावर दिवसभरात काय घडलं याचा गोषवारा. फॉर्म ५४१ तुमच्या कामाचा: विमानवार कर्मचाऱ्यांची नावं, उड्डाणाची वेळ, परतीची वेळ, आणि परत न आलेल्यांसमोर बहुधा एकच ओळ, ‘उड्डाणानंतर काही कळले नाही’. ती ओळ बघून थांबू नका, मागच्या महिन्यांची पानं चाळा. आधी किती मोहिमा केल्या, कुठे कुठे, नेहमी याच वैमानिकाबरोबर की कोणाच्या बदली म्हणून, हे सगळं तिथेच मोजता येतं. मुलांना सांगण्यासारखं खरं तर ते आहे.

डच बाजूही सोडू नका. हवाई युद्धाच्या डच अभ्यासगटाचं, म्हणजे एसजीएलओचं, नुकसानीचं रजिस्टर आहे. त्यात नेदरलँड्सवर पडलेल्या प्रत्येक विमानाला ‘टी’ने सुरू होणारा क्रमांक दिलाय. नगरपालिकेच्या मृत्युनोंदीत परदेशी वैमानिकांचेही दाखले सापडतात, आणि त्यात मृतदेह कुठे व केव्हा मिळाला ते लिहिलेलं असू शकतं. जुनी वर्तमानपत्रं डेल्फर या डच संकेतस्थळावर आहेत, पण व्याप्त काळातली बातमी जर्मन सेन्सॉरमधून गेलेली आहे हे लक्षात ठेवून वाचा.

दगडफूल

शेवाळाला हात लावू नका. हे दगड बहुतेक पोर्टलंडच्या चुनखडीचे असतात, ८१३ मिमी उंच आणि ३८१ रुंद, आणि चुनखडी मऊ. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल तिला खातं. ब्लीचमधले क्षार आत शिरतात आणि पुढे पृष्ठभागाचे पोपडे निघतात. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर अक्षरांच्या कडा बोथट करतात. त्या गेल्या की दगडच बदलावा लागतो. देखभाल कमिशनची माणसं करतात. दफनभूमीचं नाव आणि कबरीचा क्रमांक देऊन त्यांच्या संकेतस्थळावरून कळवा.

अक्षरं वाचायला खडू, पीठ, शेव्हिंग फोम असलं काही फासू नका. एक आरसा घ्या, दगडाच्या बाजूला उभं राहून ऊन तिरपं पाडा. कोरलेल्या अक्षरांत सावली भरते आणि फोटोत सगळं लख्ख येतं. ढग असतील तर रात्री टॉर्चने, तशाच तिरप्या कोनात.

फुलं ठेवा, खुशाल ठेवा, पण दगडाच्या पायाशी. हार दगडावर अडकवू नका. हळद-कुंकू, मेणबत्ती, उदबत्ती दगडाजवळ नको. चुनखडी सच्छिद्र आहे, कुंकवाचा डाग आत उतरला की निघत नाही. आणि शाळा लाकडी क्रॉस लावणार असेल तर आधी प्रत्येक दगडावरचं चिन्ह बघा. डेव्हिडचा तारा असलेल्या दगडासमोर सरसकट क्रॉस रोवल्याचे फोटो दर वर्षी कुठे ना कुठे दिसतात.

झुइडरझे

कागदकिडा, दगडफूल, मनापासून आभार. सांगितलंत तसं केलं. स्टर्लिंग जातीचं बॉम्बर विमान निघालं, लक्ष्य बर्लिन. आता नवे गोंधळ:

दैनंदिनीत तारीख २९ मार्च, दगडावर ३०. पाणबंधाऱ्यावरच्या डच पहारेकऱ्याने दिलेली विमान पडल्याची वेळ धरली तर हिशेब तासाभराने चुकतो. विमानात सात नाही, आठ नावं आहेत. चार इथे, चार रनीमीडला. म्हणजे तीन बेनाम दगड त्या चारांपैकीच कोणाचे तरी, बरोबर ना? शिवाय आमच्या सार्जंटचा दगड शेजारच्या दगडाला अगदी चिकटून आहे, बाकीच्यांमध्ये अंतर आहे. आठांपैकी एक ऑस्ट्रेलियन आहे.

कागदकिडा

क्रमाने घेऊ.

तारीख: स्क्वाड्रन उड्डाणाची तारीख लिहितं, विमान पडतं मध्यरात्रीनंतर. म्हणून जाणकार ‘२९-३० मार्च’ असं जोडून लिहितात. तुम्हीही तसंच लिहा.

तास: ही गंमत घड्याळांची आहे. १९४३ मध्ये जर्मनीने, आणि म्हणून व्याप्त नेदरलँड्सने, उन्हाळी वेळेसाठी घड्याळ २९ मार्चला पुढे केलं. ब्रिटनने दुहेरी उन्हाळी वेळ लावली ४ एप्रिलला. मधल्या दिवसांत डच घड्याळ ब्रिटिश घड्याळापेक्षा एक तास पुढे. नंतर दोन्ही सारखी झाली, पण ब्रिटनने १५ ऑगस्टला काटे मागे घेतले आणि जर्मनीने ४ ऑक्टोबरला, त्यामुळे त्या दरम्यान परत तोच फरक. जर्मन नाइट फायटरच्या (रात्री बॉम्बर पाडणाऱ्या लढाऊ विमानाच्या) दाव्याशी वेळ जुळवताना कित्येक जण इथेच चुकून भलतंच विमान पकडतात.

आठवा माणूस: स्टर्लिंगवर साधारण सात जण असत. आठवा बहुतेक ‘सेकंड डिकी’, म्हणजे स्वतःचं विमान नेण्याआधी अनुभवासाठी शेजारी बसवलेला नवा वैमानिक. फॉर्म ५४१ मध्ये त्याचं नाव वैमानिकाच्या खालोखाल असेल.

चिकटलेले दगड: दोघांचे अवशेष वेगळे करता आले नाहीत की संयुक्त कबर होते, जास्त जणांची असेल तर सामूहिक. दगड मग एकमेकांना टेकवून लावतात. नोंदणीच्या तक्त्यात तसं लिहिलेलं असेल. मुलांना सांगायचं की नाही ते शिक्षिकेवर सोडा.

बेनाम तिघांबद्दल मात्र ‘बरोबर ना’ असं विचारलंत तिथे थांबतो. नाही, तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. आयसलमेअरमध्ये त्या वर्षात खूप विमानं पडली, आणि पाण्यात मिळालेला मृतदेह वाऱ्याने कुठल्या कुठे गेलेला असतो. ब्रिटिश ओळखपट्ट्या दाबलेल्या तंतूच्या होत्या, एक लाल गोल, एक हिरवी अष्टकोनी. धातूसारख्या त्या आगीत टिकत नसत. युद्धानंतर हवाई दलाच्या शोधपथकांनी कबरी उघडून गणवेशाचे तुकडे, हुद्द्याच्या पट्ट्या, कॉलरवरची धोब्याची खूण, अंगठी यांवरून ओळख पटवायचा प्रयत्न केला. तरी जी नावं लागली नाहीत ती अशी राहिली. आज एखाद्या बेनाम दगडावर नाव लावून घ्यायचं तर कमिशनकडे पुराव्यासह प्रकरण द्यावं लागतं, ते पुढे ब्रिटिश संरक्षण खात्याच्या विभागाकडे जातं, आणि त्यात ‘हा असू शकतो’ एवढं पुरत नाही. त्या भागात त्या काळात हरवलेला, त्याच हुद्द्याचा आणि त्याच कामाचा दुसरा कोणीही असू शकत नाही हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे चार नावं आणि तीन दगड आहेत, म्हणजे आकडाच जुळत नाही.

घाईचा परिणाम बघायचा असेल तर तुमच्या शेजारच्याच तळ्यात बघा. २०२० मध्ये मार्करमेअरमधून जे स्टर्लिंग वर काढलं, ते आधी बीके ७१० समजलं जात होतं. ते निघालं बीके ७१६, तेही याच २९-३० मार्चच्या बर्लिन मोहिमेवरचं. म्हणजे सात वेगळी कुटुंबं.

सिडनीकर

एक ऑस्ट्रेलियन आहे म्हणालात ना? मग नशीबवान आहात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘ए७०५’ ही मृत आणि बेपत्ता हवाई सैनिकांच्या फायलींची मालिका आहे. बऱ्याचशा स्कॅन करून ठेवल्यात, घरबसल्या फुकट वाचता येतात. नाव ऑस्ट्रेलियन माणसाचं, पण आतली चौकशी अख्ख्या विमानाची: जर्मनांकडून आलेल्या तारेचा अनुवाद, शोधपथकाचा अहवाल, कोणती कबर उघडली आणि आत काय मिळालं, घरी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती. तुमच्या तीन दगडांचं उत्तर असलंच तर इथे असेल.

कॅनडाचा असता तरी असंच. त्यांच्या युद्धमृतांच्या सेवाफायली खुल्या आहेत, त्यात भरतीच्या वेळची मुलाखत, दातांचा तक्ता, सगळं. ब्रिटिशांच्या मृत-बेपत्ता फायली क्यूला ‘एअर ८१’ मध्ये, पण त्या तारखेच्या क्रमाने हळूहळू खुल्या होत आहेत, तेव्हा कॅटलॉगमध्ये विमानाचा क्रमांक टाकून बघा.

एक इशारा. ए७०५ मध्ये शव कोणत्या अवस्थेत मिळालं त्याची स्पष्ट वर्णनं असतात. मुलांसमोर स्क्रीनवर थेट उघडू नका.

खडकीचा_पूल

विषय नेदरलँड्सचा आहे, पण इथे पुणेकर बरेच आहेत म्हणून थोडं लिहितो. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक आहेत, त्यात हवाई दलाचेही. तिथे दगड बघून ‘हा पुण्यात पडला’ असं लिहू नका. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या जागी कायमची देखभाल शक्य नव्हती तिथल्या कबरी हलवून इथे आणल्या, त्यासाठीच ही दफनभूमी केली. मूळ जागा कागदकिडांनी सांगितलेल्या स्थलांतराच्या अहवालात सापडते, दगडावर नाही. आणि बर्माच्या मोहिमेवर निघून हरवलेल्या लिबरेटर विमानांतली, कबर नसलेली माणसं रनीमीडला शोधू नका. ती सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर आहेत.

दगडफूल

+१. शिवाय खडकीच्या दफनभूमीतलं १९१४-१८ चं स्मारक वेगळं आहे. त्यावरची १,८०० हून अधिक नावं पहिल्या महायुद्धातली. दोन्ही आकडे मिसळून लिहिलेले लेख दिसतात.

झुइडरझे

ए७०५ मिळाली, ८० पानं आहेत, वाचतोय. आता दोन मिनिटांत मुलांनी नेमकं काय बोलावं? वर्गाने पहिला मसुदा लिहिलाय: ‘तो शूर टेल गनर होता, पदोन्नती मिळवून सार्जंट झाला, शत्रूच्या तोफांनी त्याचं विमान पाडलं.’

कागदकिडा

एका वाक्यात तीन गोष्टी आणि तिन्ही तपासायच्या.

दगडावर फक्त ‘एअर गनर’ आहे. स्टर्लिंगला पुढे, वर आणि मागे असे तीन मनोरे होते. तो मागच्यात होता हे ए७०५ मध्ये किंवा दैनंदिनीत मिळालं तरच ‘टेल गनर’ लिहा. १९४० पासून विमानातल्या कर्मचाऱ्यांना किमान सार्जंटचा हुद्दा मिळायचा, तेव्हा विसाव्या वर्षी सार्जंट असणं ही बढती नव्हे, प्रशिक्षण पूर्ण झाल्याची खूण. आणि तोफांनी पाडलं की नाइट फायटरने, हे जर्मन दावा जुळला तरच कळेल. नाही जुळला तर ‘विमान परत आलं नाही’ एवढं पुरेसं आहे.

त्याऐवजी हे घ्या: गाव कुठलं (कमिशनच्या पानावर आईवडिलांसोबत बहुधा असतं), सगळे हवाई कर्मचारी स्वेच्छेने आलेले असत ही गोष्ट, त्याने आधी केलेल्या मोहिमांची संख्या, विमान कुठल्या तळावरून किती वाजता निघालं, सोबतच्या सात जणांची नावं आणि वयं. रनीमीडच्या चौघांची नावंही वाचा, त्यांचा उल्लेख गावात दुसरीकडे कुठेच होत नसेल. बॉम्बर कमांडचे सुमारे सव्वा लाख हवाई कर्मचारी होते आणि त्यातले ५५,५७३ मेले. हा आकडा सांगायचा असला तर एकदाच, शेवटी नको.

दगडाच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ असेल तर तीच मुलांना वाचू द्या. दगडाच्या मजकुराच्या तक्त्यात ती कोणी कळवली त्याचं नावही दिसतं, आई की बायको. आठांपैकी कोणी न्यूझीलंडचा असेल तर ओळ नसणारच, त्यांच्या सरकारने ती मुभा दिलीच नव्हती. उगीच ‘घरच्यांनी काही लिहिलं नाही’ असं व्हायला नको.

नातेवाईक शोधायचे असतील तर बॉम्बर कमांड सेंटरच्या संग्रहात माहितीची भर घालायची सोय आहे, तिथून प्रयत्न करा. फेसबुकवर आडनावं धुंडाळत लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊ नका.

सिडनीकर

८० पानांमध्ये ‘एक्झ्युमेशन’ (कबर उघडून शव काढणं) हा शब्द असलेली पानं आधी काढा आणि तिथल्या कबरीचे क्रमांक आजच्या क्रमांकांशी ताडून बघा. युद्धकाळात दिलेला क्रमांक आणि कमिशनचा क्रमांक वेगळा असतो. दोन्ही एकाच तक्त्यात मांडून इथे टाका, तीन दगडांचं बघू.